काचकाकांच्या मनगटावरची मी

मित्रांनो, मी एक जुनी, ओली, बुळबुळीत पट्टी आहे आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे! मला पहिल्यांदा बघणारा नाक मुरडतो, दुसऱ्यांदा हळूच बोट लावतो आणि तिसऱ्यांदा विचारतो, "हिला घरी नेऊ का?" माझी लांबी वीतभर, रुंदी चार बोटं आणि जाडी पुठ्ठ्याएवढी. रंग म्हणाल तर जवळजवळ नाहीच. पण गुण विचाराल तर बसून ऐकावं लागेल. तेव्हा सरसावून बसा, कारण मला एकदा सांगायची लहर आली की मध्ये थांबता येत नाही.

मी जेलची बनलेली आहे. घाबरू नका, तुरुंगाशी माझा काही संबंध नाही! केसांना चोपडतात ते जेल माझं लांबचं नातेवाईक आणि बाळाच्या लंगोटात पाणी धरून ठेवतं ते माझं चुलत भावंड. जेल म्हणजे पाण्यात पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं. साध्या जेलमध्ये हे धागे एकमेकांना कायमचे चिकटवलेले असतात. जोरात ओढलं की चिकटवलेली जागा तुटते आणि सगळा कारभार आटोपतो. माझ्यात मात्र चिकटवणं नाहीच! माझा प्रत्येक धागा कड्यांमधून ओवलेला आहे आणि एका धाग्यावरची कडी शेजारच्या धाग्यावरच्या कडीला जोडलेली आहे. धाग्यांच्या टोकांना जाडजूड बोंडं आहेत, म्हणून कडी घसरली तरी निसटून पडत नाही. मला ओढाल तर कड्या सरकतात, एकमेकींना सांभाळून घेतात आणि मी लांबच लांब होते. हे सगळं इतकं लहान आहे, की चांगल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसायचं नाही.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. माझ्या धाग्यांवर मधूनमधून एक छोटी काडी आहे. निळा उजेड पडला की ती काडी ताठ सरळ होते आणि कडी तिच्यावर जाऊन फतकल मारून बसते. मग हलायचं नाव नाही! हिरवा उजेड पडला की काडी मुरडते, कडीला बसायला जागा उरत नाही आणि ती सर्रकन घसरत मोकळी फिरू लागते. सगळ्या कड्या बसल्या की मी चामड्यासारखी घट्ट. सगळ्या सुटल्या की लोण्यासारखी मऊ. बटण नाही, चावी नाही, नुसता उजेड! आहे की नाही कमाल?

माझा जन्म पिवळ्या खोलीत झाला. ही खोली म्हणजे एका प्रयोगशाळेच्या टोकाची जागा. तिच्या खिडक्यांवर आणि दिव्यांवर पिवळा पातळ कागद चिकटवलेला असतो, काचेसारखा आरपार दिसणारा. पिवळा कागद निळ्या उजेडाला अडवतो, म्हणून त्या खोलीत माझ्यासारख्या नाजूक मंडळींना उगाच घट्ट व्हावं लागत नाही. पण त्या खोलीत रंगांवर विश्वास ठेवायची सोय नाही. तिथे पांढरा खडू आणि पिवळा खडू जुळे भाऊ दिसतात. निळा मोजा काळा होतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला ताई दारातच बजावते, "इथे डोळ्यांचं ऐकायचं नाही, लिहिलेलं वाचायचं."

ताई म्हणजे मला बनवणारी. सगळी प्रयोगशाळा तिला ताईच म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. केस कायम पेन्सिलीने वर बांधलेले, चहा कायम गार झालेला. मला ओतण्यासाठी तिला दोन सपाट काचांचा अगदी मापात बसणारा साचा हवा होता. तो केला काचकाकांनी.

काचकाका त्याच आवारात, अंगणापलीकडच्या कारखान्यात काचेची भांडी घडवायचे. आगीच्या जिभेसमोर नळी धरायची, दोन्ही हातांनी एकसारखी फिरवत राहायचं, काच मऊ झाली की फुंकायचं, वाकवायचं, जोडायचं. प्रयोगशाळेतले चंबू, नळ्या, नागमोडी वळणांची पात्रं, सगळी त्यांच्या हातची. साचा द्यायला आले तेव्हा म्हणाले, "घे पोरी, तुझ्या बाळाचा पाळणा. कडा घासून दिल्यात, बाळाला टोचायच्या नाहीत." बाळ म्हणजे मी! त्या दिवसापासून हे काका मला फार आवडले.

माझं बालपण कौतुकात गेलं. ताईने मला चिमट्यात धरून ओढलं, मी ताणत गेले, ताणत गेले, तुटलेच नाही! निळ्या दिव्याखाली माझ्यावर लोखंडाची वजनं टांगली, मी पेलली. हिरवा दिवा लावला, मी अलगद ढिली पडले. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. मोठे सर चष्मा वर करून म्हणाले, "वा! ही तर हुकमाची ताबेदार आहे." माझे फोटो निघाले. पाहुणे आले की आधी मला दाखवायचे, मग चहा विचारायचे. मी तर हवेतच होते.

पण मित्रांनो, कौतुकाचे दिवस कधी संपले ते मला कळलंही नाही. ताईच्या गळ्यात नवं काम पडलं. मी एका बशीत, बशी ड्रॉवरमध्ये आणि झाकण जरा तिरकं. त्या एवढ्याशा फटीतून माझं पाणी हळूहळू उडून गेलं. मी आकसले, कडा वळल्या, शेवटी वाळक्या सालीसारखी कडकडीत होऊन पडले. ड्रॉवर उघडणारे उघडायचे, कात्री घ्यायचे आणि बंद करायचे. मला फार वाईट वाटायचं. एवढे गुण अंगात आणि उपयोग काय, तर कात्रीच्या शेजारी पडून राहण्याचा!

त्याच सुमारास काचकाका पडले. कारखान्यात उंचावरची गॅसची नळी तपासायला शिडीवर चढले आणि शिडी सरकली. दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण आतली नस काही जागी झाली नाही. त्यांना मूठ वळता येई, बोटं चालत, पण उजवं मनगट उचलता येईना. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा. डॉक्टरांनी एक टणक आधार दिला. तो बांधला की मनगट उभं राही, पण मग वाकायचंच नाही. आणि काच वाकवताना तर मनगटाला काचेबरोबर झुकावं लागतं, झुकून झालं की काच थिजेपर्यंत तिथेच दगडासारखं थांबावं लागतं. आधार बांधला तर वाकत नव्हतं, सोडला तर थांबत नव्हतं. नळ्या तडकल्या, फुगे फुटले. एक दिवस काकांनी आग विझवली आणि घरी जाऊन बसले.

मग काकू ताईकडे आल्या. काकू म्हणजे काचकाकांच्या पत्नी. शिवणकाम करतात आणि तोंडाने त्याहून जास्त टाके घालतात. पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता.

"तुझ्या काकांना काहीतरी सांग गं. दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. परवा मी मुद्दाम चहात मीठ घातलं, म्हटलं निदान ओरडतील तरी. हूं नाही की चूं नाही! गपचूप पिऊन टाकला."

ताईला हसावं की रडावं कळेना.

"आणि म्हणतात, कारखान्याची किल्ली देऊन टाकतो," काकू म्हणाल्या. "ती किल्ली दिली ना, तर हा माणूस परत उभा राहायचा नाही. मी ओळखते त्यांना."

ताई स्वतःशीच पुटपुटली, "मनगट धरायलाही हवं आणि सोडायलाही हवं. हुकमावर धरायचं, हुकमावर सोडायचं..." आणि एकदम उठली! ड्रॉवर खसकन ओढला गेला, कात्री बाजूला झाली आणि बशीतली मी उजेडात आले. माझी दशा बघून तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय करून ठेवलं मी हिचं!" असं म्हणत तिने मला पाण्यात सोडलं. काय सांगू मित्रांनो! ते पाणी आत शिरू लागलं तेव्हा माझी एकेक कडी जागी होत गेली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तीच, वीतभर, गुबगुबीत आणि नितळ. निळा दिवा, घट्ट. हिरवा दिवा, मऊ. ताई खोलीभर नाचली!

मग धांदल उडाली नुसती. मनगटावर मला बसवायचं, तर पट्टा हवा. तो काकूंनी शिवला. बाहेरचा उजेड माझ्यावर पडायला नको, म्हणून वरून काळ्या कापडाची बाही हवी. तीही काकूंनी शिवली आणि बाहीच्या आत ताईने दोन इवले दिवे बसवले, एक निळा, एक हिरवा. दिव्यांचं बटण कुठे ठेवायचं यावर अडलं, कारण काच घडवताना दोन्ही हात गुंतलेले. काकू म्हणाल्या, "आम्ही शिलाईला बसलो की काय करतो? पायाने मशीन चालवतो! बटण खाली ठेव, पायाखाली." ताईने त्यांना कडकडून मिठी मारली. डाव्या पायाला हिरवा, उजव्या पायाला निळा. पाकिटाएवढी बॅटरी कमरेला. झाला थाट तयार!

फक्त काका तयार नव्हते. "पोरी, कशाला एवढा खटाटोप? माझं झालं आता," ते म्हणत. शेवटी काकूंनी तीन दिवस अबोला धरला, तेव्हा कुठे निघाले. तेही खिशात किल्ली टाकून. पिवळ्या खोलीच्या दारातच म्हणाले, "हिच्या समाधानासाठी आलोय. जमलं तर जमलं. नाही जमलं तर इथूनच ऑफिसात जाऊन किल्ली देतो आणि हा विषय संपला."

ऐकलंत? आता सगळं माझ्यावर होतं. मला धडधडायला काळीज नाही, पण असतं तर नक्की फुटलं असतं.

आणि इथेच घोटाळा झाला. आगीजवळ बसायचं म्हणजे माझं पाणी उडणार. ते उडू नये म्हणून मला एका पातळ पारदर्शक कागदात गुंडाळायचं ठरलं होतं. पिवळ्या खोलीत, मी उघडी असताना, ताईने टेबलावरची गुंडाळी उचलली. टेबलावर दोन गुंडाळ्या होत्या. एक बिनरंगी, माझ्यासाठी आणलेली. दुसरी खिडक्यांना लावायची पिवळी. त्या खोलीच्या उजेडात दोन्ही अगदी सारख्या दिसत होत्या आणि पिवळीवरची चिठ्ठी कधीच गळून पडली होती. ताईने घाईघाईत उचलली ती पिवळी! सगळ्या जगाला 'डोळ्यांचं ऐकू नका' सांगणारी माझी ताई, स्वतः डोळ्यांचं ऐकून मोकळी झाली. मला छान घट्ट गुंडाळलं, काकांच्या मनगटावर बांधलं, वरून काळी बाही चढवली.

"काका, डावा पाय," ताई म्हणाली.

हिरवा दिवा लागला. हिरवा उजेड पिवळ्यातून आरामात आत येतो. मी मऊ होतेच, आणखी मऊ झाले. ताईने काकांचं मनगट वर-खाली करून पाहिलं. सहज हललं. सगळ्यांचे चेहरे फुलले.

"आता उजवा पाय!"

निळा दिवा लागला आणि माझ्यापर्यंत एक कणसुद्धा पोहोचला नाही. पिवळ्याने सगळा गिळला! ताईने मनगट सरळ धरलं, वाट पाहिली, हात काढला. पंजा धपकन खाली पडला. पुन्हा धरलं, पुन्हा पडला. तिने बॅटरी बदलली. बाहीची कड उचलून डोकावली, निळा दिवा झगझगत होता. पट्टा आवळला. आणखी वाट पाहिली. मी आतल्या आत किंचाळत होते, "अगं वेडाबाई, माझ्या अंगावरचं काढ! कड्या तयार आहेत, काड्या तयार आहेत, मला फक्त उजेड हवाय!" पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? ओल्या पट्टीला तोंड नसतं, हे मला त्या दिवशी सगळ्यात जास्त खुपलं.

ताई खुर्चीत बसली. ती कशीबशी म्हणाली, "हिरव्याला जागते आणि निळ्याला जागत नाही. म्हणजे आतल्या काड्याच मोडल्या असणार. ड्रॉवरमध्ये वाळली होती ना... काल चालली, आज संपली. माझ्यामुळे झालं, काका."

काका रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. "रडू नकोस पोरी. काच तडकली की तडकली. तिच्यावर ओरडून ती सांधत नाही." मग बॅटरी सोडली, काळी बाही काढून टेबलावर ठेवली, खिशातली किल्ली चाचपली आणि दाराबाहेर पडले. काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

आणि मी? मी अजून त्यांच्या मनगटावरच! कुणाच्या लक्षातच नव्हतं. काका ताड ताड जिना उतरत होते, पंजा लोंबत होता आणि मी प्रत्येक पायरीला हिंदकळत होते. खाली अंगण, अंगणापलीकडे ऑफिसचं दार. एकदा ती किल्ली टेबलावर पडली की खेळ खलास. मी मनातल्या मनात म्हणत होते, कुणीतरी या रे, कुणीतरी बघा रे माझ्याकडे!

वर ताईने डोळे पुसले आणि रिकाम्या बशीकडे तिचं लक्ष गेलं. "पट्टी! पट्टी काकांच्या हातावरच राहिली!" तिने धूम ठोकली. जिन्यात तिची चप्पल निघाली, तिने ती तिथेच टाकली. पाठोपाठ काळी बाही आणि बॅटरी कवटाळून काकू. का उचलली म्हणून विचाराल, तर त्यांनाही सांगता येणार नाही. त्यांनी शिवलेली वस्तू त्या कुठेच टाकून जात नाहीत, एवढंच.

"काका, थांबा! पट्टी राहिली हातावर!"

काका ऑफिसच्या पायरीवर होते. वळले आणि हात पुढे केला. दुपारचं लख्ख ऊन माझ्यावर पडलं होतं.

ताई धावत आली आणि खिळून उभी राहिली. माझ्याकडे बघतच राहिली. पिवळ्या खोलीत मी बिनरंगी दिसत होते. आणि इथे, खऱ्या उन्हात, लिंबासारखी पिवळीधम्मक!

"पिवळी?" ती म्हणाली. "ही पिवळी का दिसते? ही पिवळी नाहीये... अगं आई गं! काका! मी हिला खिडकीच्या कागदात गुंडाळलंय! निळा उजेड हिच्यापर्यंत गेलाच नाही! हिला काहीही झालेलं नाही!"

"म्हणजे?" काका म्हणाले.

"म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा!" काकू धापा टाकत ओरडल्या. "काढ गं ते आधी, बघत काय उभी राहिलीस!"

ताईने तिथेच, पायरीवर, नखांनी तो कागद टराटरा फाडला. काकूंनी बाही चढवली. पायाचं बटण वर राहिलं होतं, म्हणून ताईने दोन तारा बोटांनीच एकमेकींना टेकवल्या. निळा दिवा लागला.

आला! आला उजेड! मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? पहिली काडी ताठ झाली आणि तिच्यावर कडी बसली. तिच्या शेजारची बसली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरच्या थरापासून खालच्या थरापर्यंत, बसल्या, बसल्या, सगळ्या बसल्या! ताईने काकांचं मनगट सरळ धरून ठेवलं होतं. तिला माझं घट्ट होणं बोटांना जाणवत होतं. मग तिने हळूच हात काढून घेतला.

पंजा खाली पडला नाही.

काका आपल्याच हाताकडे परक्या माणसाकडे बघावं तसे बघत होते. त्यांनी बोटं हलवली. मनगट जिथल्या तिथे. ताईने हिरवा दिवा लावला, पंजा सावकाश झुकला. तिने तो अर्ध्यात धरला, निळा लावला, पंजा अर्ध्यातच थांबला. काका काकूंकडे वळून म्हणाले, "त्या दिवशी चहात मीठ घातलं होतंस ना? घशाखाली उतरत नव्हता."

काकू रडत रडत हसायला लागल्या. "मग बोलला का नाहीत, अहो!"

"आता बोलतोय. चला, आग पेटवू."

किल्ली खिशातून निघाली ती ऑफिसच्या टेबलावर गेलीच नाही, थेट कारखान्याच्या कुलपात गेली! ताईने वरून बिनरंगी गुंडाळी आणली. या वेळी आधी उन्हात धरून पाहिली, मग पांढऱ्या भिंतीवर धरून पाहिली, मग काकूंना दाखवली. पायाखाली बटणं बसवली. काकांनी रंगीत चष्मा चढवला आणि निळसर आगीची जीभ फुरफुरत उभी राहिली.

मला भीती वाटत होती, कशाला खोटं बोलू? अंगणात हात नुसता हवेत थांबवायचा होता. इथे मऊ काचेशी गाठ होती आणि मऊ काच कुणासाठी थांबत नाही. फिरवणं एवढंसं थांबलं की ती खाली ओघळते. काकांनी नळी धरली. मी घट्ट. बोटांनी नळी फिरू लागली, एकसारखी, गरगर. काच लाल झाली, मग केशरी. "आता," काका पुटपुटले आणि डावा पाय दाबला. मी क्षणात ढिली व्हायला हवं होतं. झाले! हात काचेबरोबर झुकला, नळीने वळण घेतलं. उजवा पाय! मी घट्ट. हात तिथेच थांबला, जराही न थरथरता, काच थिजेपर्यंत. पुन्हा आग, पुन्हा डावा, पुन्हा उजवा. एकदा पाय चुकला, मी नको तेव्हा मऊ झाले आणि नळी कलंडायला लागली. ताईच्या तोंडून किंकाळी निघाली, पण काकांचा डावा हात धावला, उजवा पाय दाबला गेला, माझ्या कड्या धडाधड बसल्या आणि तोल सावरला. शेवटी काकांनी नळी आगीतून काढली. दोन सुंदर वळणं, कुठे सुरकुती नाही, कुठे फुगवटा नाही. त्यांनी ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अगदीच टाकाऊ नाही." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणी कधी ऐकलेली नव्हती.

त्यानंतर माझी कामाची वर्षं सुरू झाली आणि ती फार आनंदाची होती. रोज सकाळी काका मला पाण्यातून काढायचे, "चला बाईसाहेब" म्हणायचे आणि मनगटावर बांधायचे. आम्ही दोघांनी मिळून किती भांडी घडवली! कधीकधी ते मुद्दाम डावा-उजवा पाय भरभर दाबून माझी थट्टाही करायचे. दिवसभराचं काम झालं की ते मला अंधारात ठेवायचे, कारण कड्यांनाही विसावा लागतो. कारखाना त्यांनी सोडला तो स्वतःच्या मनाने, त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलगी तयार झाल्यावर, हसतमुखाने. नंतर ताईने माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ पट्ट्या केल्या. आता काकांच्या मनगटावर माझी धाकटी बहीण असते. तिच्यामुळे ते घरी कपबशी धरतात आणि काकूंना सुईत दोरा ओवून देतात. मला तिचा हेवा वाटत नाही. बरं, थोडासा वाटतो.

मी आता एका तपकिरी काचेच्या बरणीत पाण्यात असते. माझ्या बऱ्याच काड्या दमल्या आहेत, निळा उजेड पडला तरी पूर्वीसारखी घट्ट होत नाही. तुमच्यासारखी मुलं आली की ताई बरणी उघडते, तुम्ही बोट लावता, शहारता, हसता. मला फार मजा येते!

जाता जाता एक विनवणी करते. ओल्या वस्तूला ओलं राहू द्या आणि झाकण नीट लावा, तिरकं नको. पण झाकताना एवढं बघा, की आपण प्रेमाने घातलेलं आवरण नेमकं तिला हवं तेच तर अडवत नाही ना. आणि कुणी अचानक काम करेनासं झालं, मग ती माझ्यासारखी पट्टी असो, एखादं यंत्र असो, नाहीतर तुमच्याच घरात भिंतीकडे बघत बसलेलं माणूस असो, तर 'संपलं' म्हणायची घाई करू नका रे. आधी त्याचा हात धरा आणि त्याला एकदा उन्हात नेऊन बघा.